पोटॅशने भागत नाही

कमी क्षारतेच्या तळ्यात व्हेनामी कोळंबी मेली की दोष पाण्याचा, आणि पाणी तर पोटॅशने सुधारते; मग त्यासाठी निराळे वाण घडवण्याचा खटाटोप कशाला, असा युक्तिवाद कोळंबी संवर्धकांत सर्रास केला जातो. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. व्हेनामीच्या रक्ताचे परासरण साधारण 25 पीपीटी (दर हजारी भाग) क्षारतेच्या पाण्याशी जुळते. त्याहून गोड पाण्यात तिला कल्ल्यांतून क्षार सतत आत ओढावे लागतात, आणि हे काम करणाऱ्या विकराला पोटॅशियम लागते. हरियाणात कोळंबीच्या तळ्यांना वापरल्या जाणाऱ्या खाऱ्या भूजलात नेमकी त्याचीच उणीव असते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका फार्मवर 2001 साली जेमतेम 19 टक्के कोळंबी हाती लागली होती. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाढवल्यावर पुढच्या वर्षी ती 67 टक्के झाली. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या रोहतकजवळील लाहली केंद्रानेही पोटॅशियमची भर घालण्याचीच वाट चोखाळली.

पण पोटॅशियम दिल्यानंतरही एकतृतीयांश कोळंबी गेलीच, याचे उत्तर पोटॅशवाले देत नाहीत. शिवाय पोटॅशचा खर्च दर हंगामाला नव्याने करावा लागतो. निवडीतून मिळालेला गुण मात्र पुढच्या पिढीत उतरतो आणि साठत जातो. भारतात 2009 पासून परवानगीने येणारी व्हेनामीची मातृकोळंबी मुख्यतः वेगवान वाढ आणि रोगप्रतिकार या निकषांवर घडवलेली आहे. समुद्राच्या पाण्यात पहिले आलेले कुटुंब पाच पीपीटीतही पहिलेच राहील, हे गृहीत कशाच्या आधारावर धरायचे?

जगण्याची क्षमता फारशी आनुवंशिक नसते, म्हणून निवड व्यर्थ, असे दुसरे म्हणणे. एकेका कोळंबीकडे पाहिले तर ते पटते. पण व्हेनामीची मादी एका वेळी लाखभर अंडी घालते. त्यामुळे एकाच कुटुंबातली शेकडो भावंडे खाऱ्या भूजलाच्या तळ्यात परीक्षेला पाठवता येतात आणि उरलेली रोगमुक्त केंद्रात जपता येतात. निकाल कुटुंबाचा लागतो, प्रजनन सुरक्षित भावंडांचे होते. तळ्यात तगलेलीच कोळंबी मातृकोळंबी म्हणून वापरण्याचा शॉर्टकट मात्र घातक आहे, कारण तिच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू हॅचरीत शिरू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. तग धरण्याची निवड केली की वाढ मंदावते. हवाईतल्या निवड प्रयोगात टॉरा या विषाणूजन्य रोगातून वाचणे आणि वजन यांचा जनुकीय सहसंबंध उणे 0.46 निघाला होता. मात्र तो एका विषाणूचा आकडा आहे. क्षारतेला तो जसाच्या तसा चिकटवणे घाईचे. तो तसाच निघाला तरी दोन्ही गुणांना भार देऊन निवड करता येते. आणि हिशेब साधा आहे: शंभरांतील पन्नास जगून प्रत्येकी वीस ग्रॅमच्या निघाल्या तर एक किलो माल मिळतो, ऐंशी जगून प्रत्येकी अठरा ग्रॅमच्या निघाल्या तर जवळजवळ दीड किलो.

अशा वाणाविरुद्ध थायलंडचा दाखलाही दिला जातो. तिथे किनाऱ्यावरून टँकरने खारे पाणी आणून भातपट्ट्यात कोळंबी वाढवली गेली. जमिनी खारवू लागल्या आणि 1998 मध्ये सरकारला गोड्या पाण्याच्या क्षेत्रात हा धंदा बंद करावा लागला. इशारा रास्त आहे. कमी क्षारतेला सोकावलेले वाण भातखाचरात नेण्याचा मोह लोकांना होणारच. म्हणून परवाना आधीच खारवटलेल्या जमिनीपुरताच हवा, आणि तळ्यातले पाणी बाहेर सोडण्यावर बंधन हवे. तो प्रश्न कायद्याचा आहे. वाणावर त्याचा राग काढण्यात अर्थ नाही. हे वाण गोड्या ओढ्यात पिल्ले घालून पसरेल ही भीतीही निराधार, कारण व्हेनामीच्या अळ्यांना समुद्राइतके खारे पाणी लागतेच.

सुरुवात व्हेनामीपासूनच व्हावी असेही नाही: चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने देशी पांढऱ्या कोळंबीच्या जनुकीय सुधारणेचे काम हाती घेतले आहे. त्यातल्या प्रत्येक कुटुंबाची काही भावंडे आत्ताच लाहलीच्या पाण्यात चाचणीला उतरवावीत. पाच-सहा पिढ्या उलटल्यावर हा निकष जोडायचा तर निम्मे काम पुन्हा करावे लागेल.