नववधूचे प्रसाधन

लग्नसराई जवळ आली की जबलपूरच्या सदर बाजारात खरेदीची लगबग सुरू होते. शालूसाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. वधूच्या मुखप्रसाधनाचा विचार मात्र बहुधा आदल्या दिवसावर ढकलतो. म्हणून वधूमातांनी पुढील गोष्टी आधीच ध्यानी घ्याव्यात.

पहिली गोष्ट प्रकाशाची. या भागातील हिंदी भाषिक कुटुंबांत विवाह बहुधा रात्री होतात आणि विजेच्या झगमगाटात ठळक रंग खुलून दिसतात. आपल्याकडील मुहूर्त पुष्कळदा दिवसाचा असतो. तोच जाड लेप उन्हात मुखवट्यासारखा भासतो. तेव्हा प्रसाधन करणाऱ्या बाईंना मुहूर्ताची वेळ व शालूचा रंग अवश्य सांगावा.

फाउंडेशनची छटा हळद लागण्यापूर्वीच निवडावी, कारण हळदीचा पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही अंगावर राहतो. जबड्याच्या कडेला किंचित लावून, दुकानाबाहेर उजेडात पाहावे. त्वचेत मिसळून दिसेनासी होईल ती छटा आपली. कोणतेही नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. ‘काळी मेंदी’ टाळावी; तीत पुष्कळदा केस रंगविण्याचे रसायन असते व त्याने हातांवर फोड येतात.

लग्नाच्या दिवशी चेहरा धुऊन प्रथम साधे क्रीम लावावे. थंडीत त्वचा कोरडी पडते, म्हणून ते पुरते मुरू द्यावे. वैशाखात येथे तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेव्हा थर पातळ ठेवून वर पावडर हलकेच दाबावी. मुंडावळ्या टेकतात त्या कपाळावर लेप सर्वांत कमी हवा, नाहीतर अक्षतांचे दाणे चिकटतात. होमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येते, यास्तव काजळ न पसरणारे घ्यावे. ओठांना लिपस्टिकचा एक हात देऊन तो कागदाने टिपावा, मग दुसरा द्यावा. मान आणि कान यांनाही चेहऱ्याशी जुळता रंग द्यावा.

आता थोडे स्पष्ट बोलावयास हवे. मुलगी सावळी असली की लग्नापूर्वी महिनाभर ‘गोरे करणारे’ क्रीम आणून देणारे आप्त अनेक घरांत भेटतात. अशा काही क्रीमांत पारा आढळला आहे. पाऱ्याने त्वचेचा रंग काही काळ फिका होतो, परंतु मूत्रपिंडांना इजा पोहोचते आणि पुढे गर्भालाही धोका संभवतो. २०२० च्या प्रसाधन नियमांनी चेहऱ्याच्या क्रीमात दहा लाख भागांत एक भागाहून अधिक पारा असण्यास मनाई केली आहे. इतर काही क्रीमांत स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे उठतात. २०१८ पासून अशी अनेक क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत.

तेव्हा भगिनींनो, डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, घटक व वापराची मुदत नसेल तर ती घरात आणू नका. आणि कोणी सावळेपणाविषयी बोललेच, तर मुलीच्या आधी तुम्ही उत्तर द्या. अंतरपाट दूर होताना तिने निःसंकोच मान वर करावी, एवढे आईच्या हाती निश्चित आहे.