बागेतील कुटुंबचित्र

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (मृत्यू १८८०) स्वतः छायाचित्रे काढीत. जनान्यातील स्त्रियांचीही त्यांनी काढली. त्या काळी ओल्या काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत, म्हणून माणसे ताठ बसत. आज ती सक्ती उरली नाही. तरी आपण मुलांना ताठच उभे करतो!

सिसोदिया राणीच्या बागेत सहकुटुंब जाणार असाल, तर सकाळ किंवा कलता दिवस निवडावा. भर दुपारी डोळे मिटतात. मुलांना आधी खाऊ द्यावा, हुंदडू द्यावे. आजीबाईंना सतरंजीवर मध्यभागी बसवावे. त्या 'मला कशाला?' म्हणतील, ऐकू नये. आणि कॅमेरा ज्यांच्या हाती, त्या गृहस्थांनाही एकदा चौकटीत ओढावे. एरवी घरच्या संग्रहात ते कोठेच सापडत नाहीत.