पर्यावरणाचे गुरुजी कोठून आले?

पर्यावरण हा विषय देशातील प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलाच पाहिजे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी दिला. ही मागणी घेऊन न्यायालयात गेलेले एम. सी. मेहता हे वकील. शिक्षक नव्हेत, शास्त्रज्ञही नव्हेत. निर्देश झाला, परंतु शासकीय यंत्रणेच्या अंगी मुरलेल्या सवयीप्रमाणे तो बारा वर्षे बव्हंशी फायलींतच विसावला. मेहतांना पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तेव्हा कोठे डिसेंबर 2003मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगण्यात आले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम ठरविला आणि त्याचे पाठ्यपुस्तक लिहून घेतले ते पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांच्याकडून. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था उभी करणारे डॉ. भरुचा हे मूळचे शल्यचिकित्सक!

वकिलाने विषय शाळेत आणला आणि शल्यचिकित्सकाने त्याचे पुस्तक लिहिले. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. या क्षेत्राचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळला तर तेथेही हेच दिसते. 1883 साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोघेच भारतीय होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. दोघांचाही व्यवसाय वैद्यकाचा. पुढे ज्यांच्या नावाने ही संस्था घरोघरी ओळखली जाऊ लागली, त्या सालिम अलींपाशी तर विद्यापीठाची पदवीच नव्हती. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या लाकूड व खाणींच्या व्यवसायात होते. मुंबईच्या संग्रहालयात व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली, तीही जर्मनीहून शिकून येईपर्यंत रद्द झालेली होती. त्या बेकारीच्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीममध्ये राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वीणीचा जो अभ्यास केला, त्याने त्यांना नाव मिळवून दिले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक 1941 साली आले. कित्येक पिढ्यांनी त्यावरूनच पक्षी ओळखायला शिकून घेतले.

परंतु या साऱ्यांत ज्या प्रयोगाकडे महाराष्ट्राने फारसे लक्ष दिलेले नाही, तो कुमाऊंच्या डोंगरांतला आहे. भैरवदत्त पांडे हे आयसीएस अधिकारी. केंद्र सरकारचे मंत्रिमंडळ सचिव, नंतर पश्चिम बंगाल आणि पंजाबचे राज्यपाल. एवढ्या पदांवरून उतरलेला माणूस सामान्यतः दिल्लीत बंगला शोधतो आणि आठवणी सांगत बसतो. पांडे अल्मोड्याला परतले. तेथील उत्तराखंड सेवा निधी या न्यासाकडे 1987 साली केंद्राच्या शिक्षण विभागाने पहाडी जिल्ह्यांतील पर्यावरण शिक्षणाचे काम सोपविले. ते प्रत्यक्ष उभे केले पांडे यांचे अभियांत्रिकी शिकलेले पुत्र डॉ. ललित पांडे यांनी. त्यांना 2007 साली पद्मश्री मिळाली.

त्यांनी सहावी ते आठवीसाठी तयार केलेल्या पुस्तकांत ध्रुवीय अस्वल आणि ओझोनचा थर यांना अग्रमान नाही. मूल आपल्या गावापासून प्रारंभ करते. गावात गुरे किती, त्यांना चारा किती लागतो, तो कोणत्या उतारावरून येतो, चुलीला सरपण किती लागते, ते आणायला आई किती दूर जाते, झऱ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, हे मोजायचे, लिहायचे आणि मग हिशेब मांडायचा : आपली जमीन आपल्याला पोसते आहे का? अभियंत्याचा हात येथे ओळखू येतो. चाऱ्याच्या भाऱ्याचे वजन करायला लावणारे शिक्षण हे भावुक होत नाही आणि उपदेशकही होत नाही. मुळात ते त्या मुलाच्याच घराबद्दल असते. राज्यातील शाळांनी पुढे हा अभ्यासक्रम स्वीकारला.

महाराष्ट्रातही अशी माणसे झाली. दिलीप कुलकर्णी टेल्कोत अभियंता होते. ती नोकरी सोडून ते विवेकानंद केंद्राच्या कामात आले आणि नंतर दापोली तालुक्यातील कुडावळे या गावी जाऊन राहिले. तेथून ‘गतिमान संतुलन’ हे छोटेखानी मासिक त्यांनी चालविले. गरजा कमी करा असे सांगणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या गरजा आधी कमी करून मग लिहायला बसणारा विरळा. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. तीन दशकांहून अधिक काळ जंगलात काढलेल्या या अधिकाऱ्याने आदिवासींकडून आणि संस्कृत ग्रंथांतून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि मराठी भाषेला तिचे विसरलेले अरण्य परत दिले. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि 2025 साली पद्मश्री त्यांच्याकडे आली; त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

प्रा. माधव गाडगीळ हे या मालिकेतील ठळक अपवाद. ते रीतसर जीवशास्त्र शिकलेले, हार्वर्डचे डॉक्टरेट. पण 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या परिसर-शिक्षणविषयक गटाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काय सुचविले? विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराचा खरा अभ्यास करावा आणि त्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. म्हणजे हार्वर्डचा पंडित आणि अल्मोड्याचा अभियंता वेगवेगळ्या वाटांनी एकाच बांधावर येऊन पोहोचले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. 1984 साली अहमदाबादेत पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन करणारे कार्तिकेय साराभाई केंब्रिज आणि मॅसॅच्युसेट्सला शिकलेले, विक्रम साराभाईंचे चिरंजीव. गाडगीळांचे वडील ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ. पांडे पितापुत्रांच्या घराण्याविषयी वेगळे सांगायला नको. ज्यांच्या चुलीची चिंता मिटलेली असते त्यांना अशी आडवाट परवडते, हे खरेच आहे. यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र या वाटेने सामान्य घरातील मुलाने जावे असे वाटत असेल, तर तिच्यावर त्याच्या भाकरीची सोय हवी. आज पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण शाळेत जात नाही. तो प्रकल्पांचे परिणाम-अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीत जातो. कारण शाळेत त्याच्यासाठी जागाच नाही. तेथे पर्यावरणाचा तास ज्याचे आठवड्याचे तास भरत नाहीत त्या शिक्षकाला दिला जातो. तो बिचारा प्रकल्पवह्या तपासतो. दुकानातून आणलेली चित्रे चिकटविलेली असतात. श्रेणी मिळते, विषय संपतो.

वकील, शल्यचिकित्सक, अभियंता, वनाधिकारी यांनी ज्या विषयाला आकार दिला, त्याचे असे भरणपोषण व्हावे ही खेदाची गोष्ट आहे. आणि वाट बंद आहे असेही नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक जाणकारांना शाळांत शिकविण्यासाठी नेमण्याची मुभा दिली असून तीत शेतीचा नामनिर्देश आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, औपचारिक पदवीची अट न घालता, व्यवसायात सिद्ध झालेली माणसे महाविद्यालयात आणता येतात. मात्र या तरतुदींतून उद्योगातील व्यवस्थापक आणले जातील आणि बियाणे राखणारी शेतकरी स्त्री, खाडी जाणणारा कोळी, निवृत्त वनरक्षक बाहेरच राहतील, ही भीती अनाठायी नाही. वनरक्षकाला मानधन किती द्यायचे, यावर संस्थाचालकांच्या बैठकीत काय बोलले जाते, हे जाणकारांना ठाऊक आहे.

अनेक वाचक स्वतः शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, इतर बहुतेक पालक आहेत. जूनमध्ये वेळापत्रक भिंतीवर लागते, तेव्हा पर्यावरणाच्या तासापुढे कोणाचे नाव आहे आणि ते का, हे मुख्याध्यापकांना विचारता येते. आपल्याच गावात त्या तासाला बोलावण्याजोगे कोण आहे, हे मात्र विचारणाऱ्याने आधी शोधून न्यावे.