खुलभर अद्भुत

'पलायनवादी' हा आपल्या मराठीच्या वर्गातला सर्वांत स्वस्त शब्द आहे. एखाद्या पुस्तकात राक्षस बोलला, झाड चालले किंवा किटलीतला चहा आपोआप उकळला, की हा शब्द त्या पुस्तकाला चिकटलाच म्हणून समजावे. त्यातून त्या राक्षसाने कोणाला खाल्ले नाही, उलट दारी आलेल्या पाहुण्याला बसायला घोंगडी दिली, तर विचारायलाच नको. ते पुस्तक थेट बालवाङ्मयाच्या कपाटात जाऊन पडते, आणि त्या कपाटाची किल्ली सहसा सापडत नाही.

मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने येते, आणि असली पुस्तके मोठ्या आवडीने वाचते. त्यांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून हा लेख. गुरुजनांनी तो सावकाश वाचावा, एवढीच विनंती.

आधी ही पुस्तके कोणती, ते सांगायला हवे. इंग्रजीत अलीकडे त्यांना 'कोझी फँटसी' असे नाव पडले आहे. कोझी म्हणजे उबदार, पौषातल्या पहाटे गोधडीत असते तसे. आपण 'उबदार अद्भुतकथा' म्हणू. ट्रॅव्हिस बॉल्ड्री या अमेरिकन लेखकाची 'लेजेंड्स अँड लाटेज' ही कादंबरी 2022 साली आली आणि या प्रकाराचा खूपच बोलबाला झाला. तिची नायिका विव्ह ही राक्षसकुळातली आडदांड लढवय्यी. तिने आयुष्यभर पैसे घेऊन लढाया केल्या. एक दिवस ती तलवार बाजूला ठेवते आणि ज्या शहरात कॉफी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नाही, तिथे कॉफीचे दुकान काढते. पुढची सारी कादंबरी त्या दुकानाची. सुतारकाम कसे होते, पाव भाजणारा कोण मिळतो, पहिले गिऱ्हाईक कधी येते. हप्ता मागणारे गुंड आहेत, एकदा दुकानाला आगही लागते. पण जगाचा नाश टाळायचा नाही, सिंहासन जिंकायचे नाही. एक दुकान आणि त्यात जमलेली चार माणसे टिकवायची, एवढेच.

मी ती कादंबरी मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर, शेजारी शब्दकोश ठेवून वाचली, आणि एका रात्री आजीला जमेल तशी सांगितली. आजी म्हणाली, "यात नवीन काय आहे वं? हे तं खुलभर दुधाची कहाणीच झाली."

मी थक्क झाले, कारण आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

श्रावणी सोमवारची ही कहाणी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. आटपाट नगराच्या राजाच्या मनात येते, की महादेवाचा गाभारा दुधाने भरून काढावा. दवंडी पिटते, सगळ्यांनी घरचे सगळे दूध देवळात आणावे. राजाच्या धाकाने कोणी वासराला ठेवत नाही, कोणी पोराला ठेवत नाही. गावचे दूध गाभाऱ्यात जाते, पण गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचे काम उरकलेले असते, मुलाबाळांना खाऊ घातलेले असते, लेकीसुनांना तृप्त केलेले असते, वासरांना पाजलेले असते. मग उरलेले खुलभर दूध, म्हणजे अगदी इवलेसे, घेऊन ती देवाकडे येते, आणि तेवढ्याने गाभारा भरतो. राजाला कोडे पडते. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः पाळतीवर बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. अभय मिळाल्यावर ती सांगते, की तुझ्या हुकुमाने वासरांचे आणि पोरांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडले नाही. आजी हा भाग आपल्या शब्दांत सांगते: "तिनं आंधी पोरायले पाजलं, मंग देवाले. देव कायले रागवंल?"

आता पाहा. या कहाणीत अद्भुत आहे, खुलभर दुधाने गाभारा भरतो याहून मोठे अद्भुत कोणते? पण ते घडवणारी म्हातारी जादूगार नाही. तिच्या हाती मंत्र नाही, शस्त्र नाही. तिने फक्त घर आवरले आणि पाजायचे त्यांना पाजले. मागे राजसत्ता उभी आहे आणि तिचा हुकूम चुकीचा आहे, हेही कहाणी लपवत नाही. उबदार अद्भुतकथेचे सारे मर्म मला यात दिसते. चमत्कार घडतो, पण चुलीच्या अंगाने घडतो. लेकीच्या घरी जाऊन जाडजूड होऊन भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी घ्या, किंवा पावसात दार ठोठावणारा कावळा आणि 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे' म्हणणारी चिमणी घ्या. आपल्या अद्भुताचा हा घरगुती प्रवाह फार जुना आहे. तो बायकांच्या तोंडी राहिला, म्हणून समीक्षकांच्या लेखणीत आला नाही, असे माझे मत आहे.

समीक्षेत जे अद्भुत आले ते दरबारी थाटाचे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. राजपुत्र, राजकन्या, संकटे, योगायोग. मग 1890 पासून 'करमणूक' पत्रातून हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!' येऊ लागली आणि मराठी कादंबरी वाड्याच्या माजघरात शिरली. ते होणे अत्यंत आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. पण तेव्हापासून आपल्याकडे एक समज रुजला, की अद्भुत म्हणजे बालपण आणि वास्तव म्हणजे प्रौढपण. पुढे फडके आणि खांडेकर यांचा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद गाजला. आपण अजून त्याच्यावर वीस गुणांचा प्रश्न सोडवतो. त्या वादातही वाचकाला पुस्तकाने थोडे बरे वाटावे, या साध्या गोष्टीला दोन्ही बाजूंकडे मानाची जागा नव्हती. सौंदर्य चालेल, ध्येय चालेल. विसावा मात्र चालणार नाही!

आक्षेप मला ठाऊक आहे. एका तासाला तो माझ्या तोंडावर मांडला गेला. आपला जिल्हा कोणता, इथली परिस्थिती काय, आणि तुम्ही कॉफीच्या दुकानातले राक्षस कसले वाचता? शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यात बुलढाणा होता. हे मला सांगावे लागत नाही. कपाशीवर बोंडअळी आली की आमच्या घरात कोण जेवत नाही आणि कोण नुसते जेवल्यासारखे करते, हे मला पाठ आहे. सोयाबीन निघायच्या दिवसांत पाऊस लागला, तर त्या रात्री आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. वास्तव आमच्या घरी फुकट येते. त्यासाठी ग्रंथालयाचे कार्ड लागत नाही.

अशा रात्री वास्तववादी कादंबरी वाचू नये, असे मी म्हणत नाही. मी ती वाचते, आणि तिने मला पुष्कळ शिकवले आहे. पण त्या रात्री मला उद्या सकाळी उठायचेही असते. सहाची एसटी धरायची असते, त्याआधी पाणी भरायचे असते. विव्हच्या दुकानात अर्धा तास बसून आले, की ते जमते. याला पळून जाणे म्हणावे काय? पळालेला माणूस परत येत नाही. मी रोज सकाळी सहाला स्टँडवर असते.

टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने 1939 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान दिले. त्यात त्याने हाच मुद्दा काढला होता. तुरुंगातला कैदी घरी जायची इच्छा धरतो, आणि शिपाई रणांगणातून पळ काढतो. टीकाकार या दोन गोष्टींची गल्लत करतात, असे त्याचे म्हणणे. त्याने हे आरामखुर्चीत बसून म्हटले असे कोणी समजू नये. 1916 साली सोमच्या लढाईत तो खंदकात होता. तोच माणूस 1937 साली 'द हॉबिट' प्रसिद्ध करतो, आणि त्याचा नायक कोण, तर टेकडीच्या पोटात गोल दाराच्या घरात राहणारा, चहा आणि केक यांत रमणारा एक बुटका! फिनलंडच्या तोव्हे यान्सन या लेखिकेचेही तसेच. तिच्या मूमिन कुटुंबाची पहिली गोष्ट 1939 च्या हिवाळी युद्धात सुरू झाली आणि 1945 साली छापली गेली. डोक्यावर बाँब पडण्याचे ते दिवस. तिने मात्र ज्यांच्या घरात कोणीही येऊन राहावे अशी गुबगुबीत मंडळी निर्माण केली.

मराठीतले उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. जी. ए. कुलकर्णी म्हटले की आपल्यासमोर 'काजळमाया' येते, नियतीपुढे हतबल माणूस येतो. अंधाराचा एवढा मोठा कथाकार मराठीत दुसरा नाही. त्याच जी. एं. ची 'बखर बिम्मची' 1986 साली आली, त्यांच्या निधनाच्या वर्षभर आधी. बिम्म हा लहानगा मुलगा; त्याच्या जगात पशुपक्ष्यांशी बोलणे हा रोजचा व्यवहार आहे. जी. एं. वर पोटतिडकीने बोलणारे बिम्मपाशी आले की चटकन पान उलटतात. मला वाटते, इथेच थांबले पाहिजे. ज्याने अंधार इतका जवळून पाहिला, त्याला हा बिम्म का लिहावासा वाटला? उत्तर माझ्यापाशी तयार नाही, पण हा प्रश्न परीक्षेत आला तर मी वीस गुणांचा तोच सोडवीन. विंदांचा 'एटू लोकांचा देश' 1963 चा. तोही आपण मोठे झाल्यावर विसरून जातो.

आणि पळपुटेपणाचा आरोप आपण सरसकट करतो असेही नाही. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांनी 'शीळ'मध्ये रानातल्या प्रीतीची गाणी गायली. आपण ती अभिमानाने म्हणतो, आणि 1986 साली त्यांच्या 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला म्हणून आजही मेहकरची मान ताठ असते. कोर्टातले तंटे सोडून हे काय लिहिता, असे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. कवितेला जी सवलत आहे ती गोष्टीला का नसावी?

आता थोडे उलट बाजूनेही. या प्रकारात टाकाऊ माल भरपूर आहे. मागणी दिसताच इंग्रजी बाजारात अशा पुस्तकांचा पाऊस पडला. प्रत्येकात एक बेकरी, एक मांजर आणि एक प्रेमळ चेटकीण. कोणाला भूक लागत नाही, कोणावर कर्ज नाही, पावाचे पीठ कोणी दळले याची चौकशी नाही. अशी पुस्तके मी अर्ध्यावर टाकते. साखरेचा पाक नुसता पिता येत नाही. खुलभर दुधाच्या कहाणीत राजा आहे, त्याचा धाक आहे, उपाशी वासरे आहेत; म्हणून त्या दुधाला चव आहे. ऊब जाणवायला बाहेर थंडी असावी लागते.

राहता राहिला प्रश्न आपल्या मातीतल्या अशा कथेचा. लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. ते विवर उल्कापाताने झाले, हे आपण भूगोलात शिकतो, आणि लोणासुराची कथा घरी ऐकतो. तो जमिनीखाली झाकण लावून राहायचा, त्याच्या बहिणी विष्णूच्या रूपावर भाळल्या आणि त्यांनी भावाचा ठावठिकाणा सांगितला. मग विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून त्याला मारले. दैत्यसूदनाचे देऊळ त्याची साक्ष देत उभे आहे. ही झाली विजयाची कथा. मला मात्र लहानपणापासून त्या बहिणींची कथा ऐकायची आहे. झाकण उडण्याच्या आधीची. त्या खाली काय रांधत होत्या, धूर कुठून बाहेर जायचा, श्रावणात वर पाऊस वाजला की त्यांना ऐकू यायचा का? सरोवराच्या काठी कमळजादेवीच्या देवळाजवळ विहीर आहे. तिच्यात एका अंगाला गोडे पाणी आणि एका अंगाला खारे, असे सांगतात, आणि लोकांनी तिला नाव दिले आहे सासू-सुनेची विहीर. पुराणाशेजारी असे घरगुती नाव ठेवणारी माणसे ही कथाही सहज रचतील. पुढच्या अंकासाठी कोणी लिहायला घेणार असेल, तर माझी पहिली शंका आत्ताच नोंदवून ठेवते: त्या बहिणी वरणाला पाणी कोणत्या अंगाचे घेत असतील, सासूच्या की सुनेच्या?