नाव घेऊ द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. रोज हजेरी घ्यायची म्हणजे चाळीसेक नावं मोठ्याने घ्यायची. एका वर्षी चौथीच्या वर्गात एक मुलगा आला, त्याचं आणि माझ्या नवऱ्याचं नाव एकच. वर्षभर मी त्याला आडनावाने हाक मारली. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं. आईला आणि सासूबाईंना बघून ते अंगात मुरलं होतं.

नाव घ्यायला एकच जागा होती, उखाणा. १९७७ मध्ये लग्न होऊन कराडला आले, तेव्हा नणंदांनी दारात अडवून नाव घ्यायला लावलं. मग दर संक्रांतीला, मंगळागौरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला मी ते घेत आले. हे एसटीत कंडक्टर. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुक्कामी गाडीवर जायच्या. सकाळी घरी आले की खाकी शर्टाला डिझेलचा वास असायचा. निवृत्त झाल्यावरही स्वयंपाकघरात मी वाटेत उभी असले की म्हणायचे, "चला, पुढे सरका!" मी हळदीकुंकवाला निघाले की विचारायचे, "आज काय जुळवलंस?" मी कधी सांगितलं नाही. साऱ्या आळीने ऐकलेलं त्यांचं नाव माझ्या तोंडून त्यांनी मात्र लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना दवाखान्यात नेलं. मुलगा गाडी लावायला गेला होता. नर्सने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं, सरळ, यमकाशिवाय. स्ट्रेचरवर यांनी डोळे उघडले. म्हणाले, "पुन्हा एकदा सांग. त्यांना ऐकू गेलं नसेल." नर्सने तर नाव लिहूनसुद्धा घेतलं होतं. मी पुन्हा सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ज्या मुलखात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथलंच हे गाव. पाठोपाठ राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. माझ्या सुनेने ते वाचलं होतं. हे गेले त्या दिवशी तिने माझ्या कपाळाला कुणाला हात लावू दिला नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण महिन्याभरात संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत आळीत घरोघरी हळदीकुंकू झालं. मला बोलावणं आलं नाही. कपाळावरचं कुंकू शाबूत राहिलं आणि नाव घ्यायची जागा तेवढी गेली. भेटायला येणारेही हवापाण्याचं, गुडघ्यांचं बोलत, यांचा विषय निघू देत नसत. त्यांचं नाव आता फक्त पेन्शनच्या आणि बँकेच्या अर्जावर उरलं, तेही 'कै.' लावून.

लोक म्हणतात, नाव काढलं की तुम्हाला त्रास होईल. मला सांगावंसं वाटतं, त्रास नाव न काढल्याने होतो. ४५ वर्षं ज्याच्यासाठी दोन भाकऱ्या जास्त थापल्या, त्याच्याबद्दल बोलायला कुणी नसणं हे दुसऱ्यांदा एकटं पडणं आहे. कुणी विचारलं, "मुक्कामी गाडीवर ते जेवायचे काय हो?" तर मी तासभर सांगेन. रडेनही. रडू द्या.

एखादीला कुंकू नको असेल, चारचौघींत यायचं नसेल, तर तिच्यावर सक्ती नको. पण ते तिने ठरवावं. तिला न विचारता तिला टाळणं, याला मी काळजी म्हणत नाही. ग्रामसभा ठराव करील, सरकार परिपत्रक काढील. हळदीकुंकवाचं आमंत्रण मात्र आपण बायकांनीच द्यायचं असतं. म्हणून माझं मागणं बायकांकडेच आहे. येत्या संक्रांतीला आळीतल्या विधवेच्या दारात जा, तिला बोलवा आणि इतरांसारखा तिलाही आग्रह करा, "नाव घ्या."

गेल्या संक्रांतीला मी माझ्याच घरी हळदीकुंकू केलं. साऱ्यांना बोलावलं. आळीत भाजी विकणाऱ्या आजीही आल्या. वय ७८, नवरा जाऊन ३० वर्षं झालेली. सगळ्यांनी "आजी, नाव घ्या" म्हटल्यावर त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. दोन शब्द बोलल्या आणि थांबल्या. पुढचं जुळेना. पोरी सुचवायला लागल्या, तशी त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

आणि नुसतं नाव घेतलं.