मोरोक्कन जेवण, चौदा मित्र आणि खिशातली ग्लुकोजची पुडी

"डॉक्टर, मित्रांबरोबर बाहेर जेवायला गेलो तर चालेल का?" मीरा रोडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. विचारणाऱ्याचा चेहरा सांगत असतो की "नाही" हे उत्तर त्याने मनात आधीच धरलंय. मी मात्र "जरूर जा" म्हणतो. पण जाण्याआधी एक गोष्ट ठरवून जा. ती कोणती, हे सांगण्याआधी आमचीच फजिती सांगतो.

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर वर्षी एकदा जेवायला भेटायचं, असं ठरलेलं. नया नगरातली मंडी आणि शावर्मा खाऊन झाले होते, भाईंदरची थाळी झाली होती. या वेळी कुणीतरी टूम काढली की मोरोक्कन खाऊ या. मग चौदा जण लोकलने मुंबईत उतरलो. टेबल साडेआठचं होतं. सगळे जमून, मेनूकार्डावर चर्चा होऊन ऑर्डर गेली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. पावणेदहापर्यंत टेबलावर ऑलिव्हच्या दोन वाट्या सोडल्या तर काहीच नव्हतं.

आमच्यातला एक मित्र दहा वर्षांपासून मधुमेही आहे. घरी तो साडेआठला जेवतो. त्या हिशेबाने त्याने ग्लिमेपिराइडची गोळी आठ वाजता ट्रेनमध्येच घेतली होती. पावणेदहाला तो गप्प झाला. "काय रे, बिलाचं टेन्शन आलं का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. मग त्याच्या कपाळावरचा घाम दिसला आणि ग्लास धरलेला हात थरथरताना दिसला. पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली, दहा-पंधरा मिनिटांत तो ताळ्यावर आला. शेजारी डॉक्टर बसलेला असूनही हे घडलं. तो नंतर म्हणाला, "भूक लागली होती रे, पण चौदा जणांत आपणच काय खायला मागायचं!"

माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा आजार ही भीडच होती.

जेवण तसं आपल्या ओळखीचं

मोरोक्कोचं जेवण ऐकायला परकं वाटतं, पण ताटात आलं की ओळखीचं निघतं. हरीरा म्हणजे मसूर, हरभरे आणि टोमॅटोचं दाट सूप. रमजानचा उपवास तिथे बहुधा याच सुपाने सोडतात. ताजीन म्हणजे उंच शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात मंद आचेवर शिजवलेल्या रश्शालाही तेच नाव. कुसकुसचा आपल्या खसखशीशी काही संबंध नाही. दिसायला ते भगरीसारखं असलं तरी असतं गव्हाच्या रव्याचं. २०२० मध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांच्या कुसकुसला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एका मोठ्या थाळ्याभोवती बसायचं, हात धुऊन उजव्या हाताने खायचं आणि आपल्या समोरचा भाग सोडून दुसऱ्याच्या भागात हात घालायचा नाही, अशी तिथली रीत आहे.

डाळ, भाज्या, हरभरे, ऑलिव्ह तेल हे सगळं चांगलंच. तरी काही जणांनी विचारून खावं:

- सीलिअ‍ॅक आजार असलेल्यांनी: कुसकुस म्हणजे गहूच. हरीरा दाट करायला पीठ घालतात. दोन्ही टाळा.
- तीळ किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी: पस्तीया नावाच्या पदार्थात बदाम असतात. असल्या हॉटेलांत हमसही मिळतो आणि त्यात तिळाची ताहिनी असते.
- रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण: मिठात मुरवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह यांत मीठ भरपूर असतं, आपल्या लोणच्यासारखंच. ताजीनमधल्या जर्दाळू आणि आलुबुखाऱ्यात पोटॅशियम जास्त असतं. ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय त्यांनी ते बाजूला काढावेत.
- पुदिन्याचा चहा: तो हिरव्या चहाचा असतो आणि साखर सढळ हाताने घातलेली असते. रक्त कमी असलेल्यांनी तो जेवणाबरोबर घेऊ नये, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

गर्दीत आपण जास्त का खातो?

जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकन संशोधकाने लोकांना खाण्याची रोजनिशी ठेवायला लावली. इतरांबरोबरचं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. टोळकं जितकं मोठं, तितकं जेवणही वाढत गेलं. कारण साधं आहे. गप्पांमुळे आपण जास्त वेळ बसतो आणि समोर अन्न असलं की हात चालूच राहतो.

बिलाचीही गंमत आहे. २००४ मध्ये इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बिल सारखं वाटून घ्यायचं आहे असं आधी सांगितलेल्या मंडळींनी, स्वतःचं स्वतः भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं. म्हणजे आपलं टीटीएमएम, तू तुझं मी माझं, खिशाला आणि पोटालाही बरं! वाटून घ्यायचं असेल तर निदान स्वतःच्या ताटलीत एकदाच वाढून घ्या. मधल्या थाळ्यातून खात राहिलं तर किती खाल्लं याचा हिशेब लागत नाही.

विचारायचं कुणी?

"हॉटेलवाल्यांनी मेनूकार्डावर लिहायला नको का?" असं तुम्ही म्हणाल. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना उष्मांक आणि ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते. एखाद-दुसरी शाखा असलेल्या हॉटेलावर ही सक्ती नाही. त्यामुळे विचारणं तुमच्याकडेच येतं. "यात तीळ आहेत का, बदाम आहेत का?" हे ऑर्डर देण्याआधी, मोठ्याने विचारा.

मधुमेहींसाठी चार गोष्टी

१. जेवणाआधीची साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घड्याळ पाहून घेऊ नका, जेवण समोर आल्यावर घ्या. अर्धा तास आधी घ्यायचं इन्सुलिन असेल तर अशा दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

२. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड किंवा गप्प होणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. लगेच तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्या आणि मग नीट जेवा. या गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो. म्हणून त्या रात्री एकट्याने घरी जाऊ नका आणि झोपण्याआधी साखर पुन्हा तपासा.

३. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही. ग्लुकोजची पुडी खिशात हवीच.

४. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

ॲलर्जीने ओठ सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा. तिथे लागतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसू नका.

आणि मित्रांसाठी एक

आग्रह हा आपला प्रेमाचा प्रकार, हे मलाही मान्य. पण "एका दिवसाने काय होतंय?" हे वाक्य ऐकून खाल्लेल्या घासाचा त्रास आग्रह करणाऱ्याला कधीच होत नाही. टोळक्यात कुणी "मला चालणार नाही" म्हणालं तर कारण विचारत बसू नका. कुणी "मला आधी काहीतरी खायला मागवा" म्हणालं तर हसू नका.

सुरुवातीला म्हटलेली ठरवून जायची गोष्ट ती हीच: आपला आजार टेबलावरच्या निदान एका माणसाला माहीत असू द्या. आमचा तो मित्र पुढच्या वर्षीही येणार आहे. या वेळी बसल्याबसल्या पहिली ऑर्डर तोच देणार, आणि ती सगळ्यांच्या आधी येईल हे पाहायचं काम माझ्याकडे आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधाच्या मात्रेत किंवा वेळेत बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.)