नगरे बोटीतून उतरली नाहीत

आफ्रिकेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : 'तिथे होते काय? जंगल आणि झोपड्या. शहरे वसवली ती गोऱ्यांनी.' चांगली वाचणारी माणसेही हे सहज बोलून जातात. त्यांना दोष तरी किती द्यावा? तत्त्वज्ञ हेगेलने आपल्या व्याख्यानांत सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका जगाच्या इतिहासाबाहेरच ठेवली होती. १९६३ साली ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीही आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांचा, बाकी अंधार, अशा आशयाचे विधान केले. इतक्या थोरांनी सांगितलेली गोष्ट खरी वाटणारच. ती खरी नाही, आणि आजही ती माणसांची घरे पाडायला उपयोगी पडते, म्हणून तिचे खंडन केले पाहिजे.

या मताला तीन आधार दिले जातात. पहिला असा, की जिथे भव्य अवशेष आहेत तिथे ते बाहेरच्यांनी बांधले. ठरलेले उदाहरण ग्रेट झिंबाब्वेचे. चुन्याचा थेंब न वापरता ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकावर एक रचून उभारलेला हा तट काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला. दारावरच्या तुळईची एक ढलपी त्याने काढली, आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली आणि ठरवले, की हे देवदाराचे लाकूड, म्हणजे लेबाननहून आलेले, म्हणजे ही वास्तू बायबलमधल्या शेबाच्या राणीची! त्या एका पेन्सिलीवर पुढे पिढ्यान् पिढ्यांची समजूत उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे देखरेखीसाठी नेमलेल्या रिचर्ड हॉल यांनी स्थानिकांच्या वस्तीची घाण म्हणून मातीचे थरच्या थर उपसून फेकले. तट कोणी बांधला, याचा पुरावा त्याच थरांत होता. तरीही डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की हे काम आफ्रिकी हातांचेच आहे. एवढ्यावरही ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या राजवटीने हे सत्य छापले जाऊ नये म्हणून दबाव आणला, आणि पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये तो देश सोडला. ज्या मताला जगवायला सरकारी दबाव लागतो, त्याचा पाया किती पक्का असेल?

दुसरा आधार अधिक सावध आहे. शहरे होती, पण ती अरब व्यापाऱ्यांनी आणली, असे तो म्हणतो. त्याचे उत्तर मालीत, नायजर नदीच्या पूरमैदानात आहे. जेन्ने-जेनोच्या टेकाडांत सुसान आणि रॉडरिक मॅकिन्टॉश यांनी १९७७ साली उत्खनन केले. वस्ती सुरू झाली होती इसवी सनापूर्वी सुमारे २५० मध्ये, म्हणजे इस्लामच्या उदयाच्या आठशेहून अधिक वर्षे आधी. नवव्या शतकापर्यंत ती सुमारे ३३ हेक्टरांवर पसरली आणि तिच्याभोवती जवळपास दोन किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. तिथल्या मातीत तांबे आणि सोने सापडले; दोन्ही दूरवरून आलेले. बाजार आधी होता. सहारा ओलांडून आलेला अरब व्यापारी त्या बाजारात नंतर सामील झाला.

पूर्व किनाऱ्यावर समुद्री व्यापार मोठा होता, यात शंका नाही. इब्न बतूता १३३१ साली किल्वाला आला आणि त्याने त्या शहराची तोंड भरून स्तुती केली. पण केनियातल्या शांगा येथे पोवळ्याच्या दगडी इमारतींखाली खणत गेले की माती-लाकडाच्या घरांचे थर लागतात. तिथली स्वाहिली ही भाषाही बांटू कुळातली आहे. आपल्या कोकणातल्या चौलला सापडलेले काचमणी आणि केनियात सापडलेले काचमणी यांचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांची घडण जुळली. म्हणून काय केनियाची बंदरे कोकणाने वसवली असे म्हणायचे? गलबतातून मणी येतो, कापड येते. नगर उभारणारी माणसे किनाऱ्यावर आधीच असावी लागतात.

तिसरा आधार डोळ्यांना दिसतो : आजची मोठी शहरे वसाहतकाळातली. जोहान्सबर्ग १८८६ मध्ये सोन्याच्या खाणींमुळे उभे राहिले, नैरोबी १८९९ मध्ये रेल्वेच्या मुक्कामातून. हे मान्य. पण नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे सर्वांत मोठे शहर होते इबादान, आणि ते १८२९ च्या सुमारास योरुबा योद्ध्यांच्या छावणीतून वाढले होते. आणि जी शहरे दिसत नाहीत, त्यांचे काय झाले? किल्वा १५०५ मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्मैदाने लुटले. हिंदुस्थानकडे येतानाची ही त्याची वाटेतली कामगिरी. इंग्रजांनी १८७४ मध्ये कुमासी जाळले, १८९७ मध्ये बेनिन शहर लुटले आणि तेही आगीत गेले. ज्यांनी नगरे जाळली, त्यांचीच साक्ष काढून तिथे नगरे नव्हती म्हणणे हा न्याय नव्हे. त्यांनी जी नवी शहरे बांधली, त्यांत मूळच्या माणसाला जागा किती होती तेही पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या १९२३ च्या कायद्यामागचे धोरणच असे होते, की काळ्या माणसाने शहरात राहायचे ते गोऱ्यांना त्याच्या श्रमांची गरज असेल तोवरच.

मग शहर म्हणायचे कशाला? इथे आपली मोजपट्टीच बदलली पाहिजे. आपण राजवाडा, दगडी तट आणि सरळ रस्ता शोधतो. जेन्ने-जेनोत राजवाडा सापडलाच नाही. सापडली ती जवळजवळच्या टेकाडांवरची, एकमेकांना धरून राहिलेली वस्ती : कुठे लोहारकाम, कुठे मासेमारी, कुठे शेती. एकाचे दुसऱ्यावाचून अडते, म्हणून सगळे हाकेच्या अंतरावर राहतात. शहराचा गाभा हाच. दगड नंतर येतो, कधी येतही नाही.

तीनेक किलोमीटरवरच्या आजच्या जेन्नेत मातीची प्रचंड मशीद आहे. सध्याची इमारत फ्रेंच अमलातली, १९०७ ची. पण बांधकामाची रीत आणि गवंडी तिथलेच. दरवर्षी पावसाआधी सारे गाव तिला लिंपते. मातीत भाताचा तूस कालवून ती दिवसेंदिवस मुरवतात. मग ठरलेल्या दिवशी पोरे चिखलाच्या पाट्या घेऊन धावतात, बाया पाणी आणतात, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या दांड्यांवर पाय रोवून गवंडी वर चढतात. नगर वसवणे हे एकदाचे काम नसते, हे त्या ओल्या भिंतीकडे पाहिले की कळते. मातीचे घर राखायला लागते ती दगडी घराचीच मेहनत, फक्त दरवर्षी, आणि सगळ्यांनी मिळून.

ती सगळी सुवर्णनगरे होती, असे मी म्हणत नाही. त्यांत गुलाम होते, जुलमी राजे होते, युद्धे होती. जगातल्या इतर नगरांतही होती. माझे म्हणणे एवढेच, की आफ्रिकेच्या माणसाला शहर करून राहण्याची विद्या कोणी शिकवलेली नाही. आज त्या खंडात शहरे झपाट्याने वाढत आहेत आणि लोकांनी स्वतः उभारलेल्या वस्त्यांवर बुलडोझर फिरतात, कारण कागदावर ती जागा रिकामी धरलेली असते. हॉल यांनी थर उपसून फेकले तेही असेच, घाण समजून. या वेळी त्या थरांत माणसे राहत आहेत.